सप्टेंबरातलं अर्ध्या किमतीचं कॅरिबियन

पत्र असं आहे:

"ताई, आम्ही न्यू जर्सीत असतो. जूनमध्ये सासू-सासरे श्रीवर्धनहून येतायत, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात परत जातील. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बाबांची, म्हणजे सासऱ्यांची, पंच्याहत्तरी आहे (यंदा गणपती दीर सांभाळणार आहेत), तेव्हा त्यांना कॅरिबियनला न्यायचं चाललंय. डोमिनिकन रिपब्लिकमधल्या पुंटा कानाचं पाच रात्रींचं ऑल-इन्क्लुझिव्ह (राहणं-खाणं सगळं धरून) अर्ध्या किमतीत मिळतंय, पण नॉन-रिफंडेबल आहे. नवरा म्हणतो तिकडे पावसाळा असेल म्हणून स्वस्त आहे, आपण कोकणातली माणसं, पावसाला काय भ्यायचं. अ‍ॅपवर बघावं तर रोज ढग आणि वीज. मैत्रीण म्हणते वेड लागलंय का, हरिकेन येतं, म्हणजे तिकडचं चक्रीवादळ. बाबांना विचारलं तर म्हणतात मला बार्बाडोस दाखवा, वेस्ट इंडिजमधली १९७१ ची क्रिकेट सिरीज त्यांना तोंडपाठ आहे. डील शनिवारी संपतंय. काय करू? – गोंधळलेली सूनबाई"

अगं सूनबाई, आधी एक कर, ते शनिवारचं डोक्यातून काढून टाक. ही डील्स शनिवारी संपतात आणि सोमवारी नवीन नाव घेऊन परत येतात, सप्टेंबरच्या खोल्या कुणाला विकायच्या हा त्यांचा प्रॉब्लेम आहे, तुझा नाही.

आता नवऱ्याचं. त्याचं अर्धं बरोबर आहे आणि ते आधी सांगते म्हणजे त्याला बरं वाटेल. तिकडच्या पावसाला खरंच घाबरायचं कारण नाही. जून ते नोव्हेंबर हा त्यांचा ओला सीझन, पण त्याला आपला आषाढ समजू नकोस, श्रावण समज. सर येते, वीस मिनिटं धो धो कोसळते, मग लख्ख ऊन, खुर्चीवर टाकलेला टॉवेल अर्ध्या तासात परत वाळलेला. मुंबईत एकट्या जुलैत आठशे-नऊशे मिलिमीटर पडतो, तुमच्या श्रीवर्धनला विचारूच नको, आणि बार्बाडोसला सगळ्यात ओल्या महिन्यांतसुद्धा दीडशे ते पावणेदोनशेच्या आसपास. मधूनच एखादी ट्रॉपिकल वेव्ह येते, म्हणजे आफ्रिकेच्या बाजूने समुद्रावरून सरकत आलेला ढगांचा पट्टा, तेव्हा एक-दोन दिवस झाकोळून राहतं आणि लोक बारमध्ये बसून पत्ते खेळतात, त्यात काही वाईट नाही.

अ‍ॅपवरच्या त्या रोजच्या विजा पण सोडून दे. दिवसभरात बेटावर कुठेतरी एखादी सर पडायची शक्यता दिसली की अ‍ॅप सरसकट ढग-वीज चिकटवून मोकळं होतं. दहा दिवस पुढचं कॅरिबियनचं हवामान अ‍ॅपवर बघणं म्हणजे पंचांगात पाऊस बघण्यासारखं आहे.

पण उरलेलं अर्धं नवऱ्याचं साफ चुकतंय, आणि ते का चुकतंय हे मला कळतं कारण मी पण तशीच चुकले होते. आपल्या अंगात वादळांचं जे कॅलेंडर मुरलेलं असतं ना ते अरबी समुद्राचं असतं. आपल्याकडे चक्रीवादळं येतात ती मान्सूनच्या आधी नाहीतर नंतर, मे-जून किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. निसर्ग आलं ३ जून २०२० ला, तौक्ते मे २०२१ मध्ये. भर पावसाळ्यात तिथे मोठं वादळ सहसा उभंच राहत नाही, कारण मान्सूनमध्ये खालचा वारा नैऋत्येकडून जोरात आणि वर उंचावरचा पूर्वेकडून, बरोब्बर उलटा, म्हणजे वादळाने उतरंड रचायला घेतली की वरची दोन मडकी वाराच उडवून देतो. म्हणून आपल्या मनात गणपतीचे दिवस म्हणजे पाऊस असेल, चिखल असेल, पण वादळ नाही.

अटलांटिकमध्ये नेमकं उलटं आहे. तिकडे ऑगस्ट-सप्टेंबरात वरचा उलटा वारा मंदावतो, समुद्र उन्हाळाभर तापून २८-२९ डिग्रीला आलेला असतो (वादळाला साधारण साडेसव्वीस पुरतं), आणि आफ्रिकेकडून त्या वेव्हज रांगेने सुटत असतात. हरिकेन सीझन कागदावर १ जून ते ३० नोव्हेंबर, पण त्याचं टोक येतं १० सप्टेंबरच्या आसपास. म्हणजे तुझ्या सासऱ्यांचा वाढदिवस! स्वस्त आहे ते पावसामुळे नाही गं, ह्याच्यामुळे स्वस्त आहे.

घाबरवत नाहीये हं. सरासरी वर्षाला अटलांटिकमध्ये नाव दिलेली १४ वादळं होतात, त्यातली ७ हरिकेन होतात, ३ मोठी. बरीचशी समुद्रातच विरतात, आणि कॅरिबियन केवढं पसरलंय, एका ठरावीक बेटावर तुमच्याच पाच दिवसांत वादळ आदळायची शक्यता तशी कमीच. पण आदळलं तर काय ते बाबांना माहितीये. निसर्गचा वारा किनाऱ्यावर आला तेव्हा ताशी ११०-१२० किलोमीटर होता आणि श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, त्या अजून सावरतायत. हरिकेनची कॅटेगरी १ सुरू होते ताशी ११९ पासून. म्हणजे निसर्ग ही तिकडची जेमतेम पहिली पायरी, आणि पायऱ्या पाच आहेत. पुंटा काना ज्या भागात आहे तिथे १९ सप्टेंबर २०२२ ला फियोना आलं, कॅटेगरी १ चंच, पण आलं ना, तुझ्याच महिन्यात.

आणि खरं सांगू का, वादळ अंगावर यायला लागतच नाही. मी फ्लोरिडात राहते, खिडक्यांना प्लायवूड ठोकण्यात माझी काही वर्षं गेलीत, तरी एका सप्टेंबरात मला पण स्वस्ताचा मोह झाला आणि मी आईवडिलांना घेऊन एका बेटावर गेले. कुठल्या, कुठल्या हॉटेलात, ते जाऊ दे. वादळ आमच्या बेटावर आलंच नाही, अडीच-तीनशे किलोमीटर लांबून गेलं. आकाश निळं! पण लाटा अशा की बीचवर लाल झेंडे, पाण्यात पाय घालू देईनात, आणि जे विमान आम्हाला न्यायला यायचं ते ज्या बेटावरून यायचं तिथला एअरपोर्ट बंद. तीन रात्री जास्त राहिलो, त्या रात्रींचे पैसे फुल रेटने लागले, माझ्या बाबांच्या बीपीच्या गोळ्या दुसऱ्या दिवशी संपल्या आणि मी एका फार्मसीच्या काउंटरवर जेनेरिक नावं आठवत उभी. त्या ट्रिपचा विषय आमच्या घरात अजून कुणी काढत नाही.

बेटांवर इंग्रजीत एक जुनी म्हण आहे, आपल्या भाषेत साधारण अशी: जूनमध्ये फार लवकर, जुलैत तयार राहा, ऑगस्टात सावध, सप्टेंबर विसरू नका, ऑक्टोबरला संपलं. पिढ्यानपिढ्या लोकांनी ह्यावर छपरं शाकारली. आता ती म्हण पण पुरी पडत नाही. २०२४ चा टी-ट्वेन्टी वर्ल्ड कप आठवतोय ना, २९ जूनला ब्रिजटाऊनला आपण जिंकलो, सात धावांनी, आणि नंतर आपली टीम बार्बाडोसच्या हॉटेलात अडकून पडली. का, तर बेरिल. १ जुलैला ते ग्रेनाडाच्या कॅरियाकू बेटावर कॅटेगरी ४ म्हणून आदळलं, लगेच कॅटेगरी ५ झालं, इतक्या लवकर इतकं मोठं वादळ अटलांटिकमध्ये नोंदलेलंच नव्हतं. टीम ४ जुलैला दिल्लीत उतरली आणि संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर ती गर्दी. आपल्याकडे गर्दी लक्षात राहिली, तिकडे बार्बाडोसला फुटलेल्या मासेमारीच्या होड्या. आणि "ऑक्टोबरला संपलं"? २०२५ च्या २८ ऑक्टोबरला मेलिसा कॅटेगरी ५ म्हणून जमैकावर गेलं. म्हण ती म्हण, बुकिंग करताना मी ३० नोव्हेंबरच धरते.

आता बाबांचं बार्बाडोस. सूनबाई, तुमच्या सगळ्यांत हवामान सगळ्यात बरोबर कुणाला कळलंय सांगू? बाबांना. ती १९७१ ची सिरीज झाली कधी, बघ. फेब्रुवारी ते एप्रिल. वेस्ट इंडिजचा टेस्टचा जुना सीझन जानेवारी ते मेच्या मधलाच असायचा, कारण डिसेंबर ते मे हा तिकडचा कोरडा काळ, पाच-पाच दिवसांचे सामने वाहून न जाता खेळायचे तर तेव्हाच. २००७ चा वर्ल्ड कप पण मार्च-एप्रिलमध्ये होता. जूनमध्ये खेळवायला गेले आणि बेरिल आलं. कॅरिबियनला कधी जावं हे मला कुणी एका वाक्यात विचारलं तर मी म्हणते गावसकर गेला होता तेव्हा जावं.

तेवढंच नाही, बार्बाडोस जागा पण बरी आहे. सगळ्या माळेपासून सुटून पूर्वेला अटलांटिकात एकटंच पडलंय, बहुतेक वादळं तिथून पुढे जाऊन वर उत्तरेकडे वळतात. १९५५ च्या जॅनेटनंतर थेट हरिकेन आलं ते २०२१ च्या जुलैत, एल्सा. मधली पासष्ट वर्षं मोकळी. पण ह्याला गॅरंटी समजू नको हं, ग्रेनाडा आणखी खाली आहे, तिथले लोक पण आपण वादळांच्या पट्ट्याच्या बाहेर आहोत असंच धरून चालले होते, २००४ मध्ये आयव्हनने बहुतेक सगळ्या घरांची मोडतोड केली.

सप्टेंबरच हवा, तारीख म्हणजे तारीख, असा नवऱ्याचा हट्ट असेल तर मग एकच नाव, अरुबा. (किंवा शेजारची कुरासाव आणि बोनेर, एबीसी म्हणतात तिघांना.) व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याला चिकटलेली, साडेबारा अंशावर, वादळांची नेहमीची वाट त्यांच्या बरीच उत्तरेकडून जाते. २००७ मध्ये फेलिक्स आणि २०१६ मध्ये मॅथ्यू जवळून गेले, पण जवळूनच. आणि पाऊस? श्रीवर्धनला एका जुलैत पडतो तेवढा पडायला अरुबाला दोन वर्षं लागत असतील. डोंगर नाही ना, सपाट बेट, ढग अडणार कशाला, नुसते वरून निघून जातात. सह्याद्रीच्या अलीकडे कोकण आणि पलीकडे माण-खटाव हे ज्याला कळतं त्याला कॅरिबियन कळतं. डोमिनिकासारखं (हे डोमिनिकन रिपब्लिकहून वेगळं) डोंगराळ बेट आतून आंबोलीसारखं ओलंचिंब आणि अरुबात निवडुंग. तिथे डिव्ही-डिव्ही नावाची झाडं आहेत, सगळी एकाच दिशेला वाकलेली, नैऋत्येला, कारण वारा वर्षभर एकाच बाजूने, शाळेत व्यापारी वारे म्हणून पाठ केले होते ते हेच. फोटो काढायला झकास.

पण अरुबाला सप्टेंबरात एक गोची आहे. हा नेमका वारा पडायचा काळ. एरवी त्या वाऱ्यामुळे ३१ डिग्री सुसह्य होतं, सप्टेंबरात ३३ पर्यंत जातं आणि हवा जागच्या जागी. सासूबाईंना उकाडा सोसतो का ते बघ. कोकणातल्या मे महिन्याची सवय आहे म्हणशील, पण मे महिन्यात त्या ओटीवर पंख्याखाली बसतात, दुपारी बीचवर फिरत नाहीत. आणि वारा असो नसो, ऊन फार फसवं असतं, तो वारा असला की भाजतंय हे कळतच नाही आणि संध्याकाळी पाठ लाल.

पुंटा कानाबद्दल अजून एक राहिलं, ते म्हणजे सर्गासम. समुद्रावर तरंगत येणारं तपकिरी शेवाळ, २०११ पासून जवळजवळ दरवर्षी कमी-जास्त येतं, वसंतापासून उन्हाळाभर जोर, सप्टेंबरला उतरायला लागतं पण भरवसा नाही. पूर्वेकडे तोंड असलेले किनारे ते झेलतात आणि पुंटा काना पूर्वेच्याच टोकाला. किनाऱ्यावर ढीग लागून कुजलं की सडक्या अंड्यांचा वास. ब्रोशरमधला पांढरा बीच बघून गेलेली माणसं रिसॉर्टवाल्यांवर ओरडतात, ते बिचारे पहाटेपासून ट्रॅक्टर लावून उचलतच असतात. म्हणून बेट कुठलंही घे, पश्चिमेचा किनारा बघ. बार्बाडोसलाच बघ ना, पूर्वेला बाथशेबाला अटलांटिक असा आपटतो की पोहायचं नाव काढू नये आणि अर्ध्या-पाऊण तासावर पश्चिमेला पाणी तळ्यासारखं. सासूबाई पाण्यात पाय घालतील त्या पश्चिमेलाच.

तर माझं मत. सप्टेंबरात वाढदिवसाची जी तारीख असेल त्या दिवशी न्यू जर्सीतच केक कापा, पुरणपोळी करा, चार मित्र बोलवा. आणि ट्रिप करा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, बार्बाडोसला. हरिकेन सीझन ३० नोव्हेंबरला संपलेला, ख्रिसमसचे भाव साधारण १५ डिसेंबरपासून चढतात, मधले ते दोन आठवडे कॅरिबियनमधला सगळ्यात शहाणा सौदा आहेत आणि फार लोकांना माहीत नसतात. एखाद-दुसरी सर येईल, वारा परत सुरू झालेला असेल, दिवसा २८-२९ डिग्री. तोवर न्यू जर्सीच्या थंडीने सासूबाई वैतागलेल्या असतील, ब्रिजटाऊनला उतरल्या की स्वेटर काढून तुला आशीर्वाद देतील. बाबांना केन्सिंग्टन ओव्हलला ने. गावसकर तिथे पहिल्या डावात १ वर गेला आणि दुसऱ्यात नाबाद ११७, सरदेसाईने १५० केले, हे ते तुला सांगतीलच, तुला माहीत नाही असं दाखव. वाढदिवस मागेपुढे झाला तर काय, आपल्याकडे तिथीने करतात तेव्हा दरवर्षी होतोच की. फक्त बाबांच्या परतीच्या तिकिटाआधी चार-पाच दिवस मोकळे ठेव, बार्बाडोसहून येऊन दुसऱ्याच दिवशी मुंबईचं विमान नको. मात्र "कॅरिबियन" लिहिलंय म्हणून डिसेंबरात बहामाज घेऊ नको, ते बरंच उत्तरेला आहे, अमेरिकेतली थंडीची लाट तिथवर पोचते आणि समुद्रात उतरायचं नुसतं बघत बसावं लागतं.

आणि एवढं सगळं ऐकूनही सप्टेंबरच करणार असाल (करतात, मला माहितीये), तर अरुबा, रिफंडेबल, आणि इन्शुरन्स बुकिंगच्याच दिवशी. ह्यात लोक हमखास फसतात. वादळाला एकदा नाव पडलं की त्यानंतर घेतलेला इन्शुरन्स त्या वादळासाठी चालत नाही, म्हणजे टीव्हीवर बघून मग घेऊ हे जमत नाही. "कॅन्सल फॉर एनी रीझन" म्हणून वेगळं कव्हर मिळतं, पहिला हप्ता भरल्यापासून साधारण दोन-तीन आठवड्यांतच घ्यावं लागतं आणि पैसे पूर्ण नाही, ५० ते ७५ टक्के परत मिळतात. आईबाबांचा जो व्हिजिटर मेडिकल आहे तो अमेरिकेबाहेर चालतो का ते पण पॉलिसी उघडून बघ. निघायच्या आठवडाभर आधीपासून मायामीच्या नॅशनल हरिकेन सेंटरचा नकाशा बघत जा, ते पुढच्या सात दिवसांचं देतात, पिवळं म्हणजे शक्यता कमी, केशरी मध्यम, लाल जास्त. आणि तो शंकू दाखवतात ना वादळाचा, तो फक्त वादळाचं केंद्र कुठून जाईल त्याचा असतो, शंकूच्या बाहेर आहोत म्हणजे सुटलो असं नाही, लाटा-पाऊस-वारा बाहेर पण असतो. गोळ्या दहा दिवसांच्या जास्त, हँडबॅगेत, चेक-इनमध्ये नाही. हे डिसेंबरला पण कर, हे मी अनुभवाने सांगतेय.

नवऱ्याला फार काही पटवत बसू नको, त्याला फक्त विचार की ३ जून २०२० ला श्रीवर्धनला कुणी पाहुणा नॉन-रिफंडेबल खोली घेऊन बसला असता तर त्याने त्याला काय सांगितलं असतं. आणि बुकिंग करायच्या आधी त्या हॉटेलचं कॅन्सलेशनचं पान मला पाठव, बारीक अक्षरातलं मी वाचून देते.